जुन्या पद्मिनीच्या प्लग वायरी बदलल्या, तरी मिसिंग जात नाही

सातारकर८९
नमस्कार मंडळी. घरी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोल, स्टिअरिंगला गिअर, बाबांनी नवी घेतलेली. हल्ली पुण्यात पार्किंगमध्येच असते, रविवारी सकाळी सिंहगड रोडला एक फेरी मारून येते. दोन महिन्यांपूर्वी मिसिंग (सिलिंडर मधूनमधून न पेटणं) सुरू झालं. आयडलिंगला थरथरते आणि चढाला जरा दाबली की फट् फट् करत कुणीतरी मागून ओढल्यासारखी होते. पीयूसीला नेली तर नापास! सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.१ टक्के आला, म्हणजे ठीक. पण एचसी (न जळलेलं पेट्रोल) २३०० पीपीएम. आपल्या वयाच्या गाड्यांना मर्यादा ३ टक्के आणि १५०० ची आहे.

नेहमीच्या मिस्त्रींकडे टाकली. त्यांनी चार प्लग, पाचही एचटी (प्लगच्या जाड) वायरी, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅप, त्यात फिरणारा रोटर, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारी जोडी), कंडेन्सर असं सगळं एका दमात बदललं. बिल ४२०० रुपये. घरी आणेपर्यंत वाटेतच कळलं की मिसिंग आहे तसंच आहे, उलट थोडं वाढलंच आहे. परत नेली तर आता म्हणतात कार्बोरेटर बदला. बाबा म्हणतात कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) गेली. शेजारचे काका म्हणतात गाडीच काढा.

इग्निशनचं सगळं नवं असताना मिसिंग येतं कुठून? आणि पुढचा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

चिंतोपंत
शेजारच्या काकांना पार्किंगची जागा हवी आहे. बाकी जाणकार सांगतीलच.

प्लगपाना
आधी कार्बोरेटरचा विषय बाजूला ठेवू. मिश्रण श्रीमंत झालं असतं, म्हणजे पेट्रोल जास्त जात असतं, तर सीओ वर गेला असता. तुमचा सीओ ठीक आहे आणि एचसी आभाळाला टेकलाय. याचा सरळ अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाही आणि कच्चंच सायलेन्सरमधून बाहेर पडतंय. वाल्व्ह जळाला असेल तरी एचसी वाढतो, पण चढाला दाबल्यावर फट् फट् म्हणताय म्हणजे माझं मत ठिणगीकडेच जातं. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. कुठे गळती असेल तर करंट प्लगचा रस्ता सोडून तिकडे पळतो. म्हणून आयडलला जेमतेम चालणारी गाडी चढाला उघडी पडते.

पहिलं काम, कोणता सिलिंडर मेलाय ते शोधा. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जिची काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. पक्कड रबरी मुठीची घ्या, नाहीतर तुम्हीच डान्स कराल.

गंधाली
@प्लगपाना, वायर काढून हवेत लोंबकळत ठेवायला सांगू नका हो कुणाला. पॉइंटवाल्या गाडीत खपून जातं, पण इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर करंटला जायला जागा मिळत नाही आणि कॉइल किंवा मॉड्यूल आतून फुटतं. माझ्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० चं मॉड्यूल एका हुशार माणसाने असंच उडवलं होतं. (हुशार माणूस घरातलाच होता, नाव सांगत नाही.) काढलेल्या वायरीत जुना प्लग खोचून तो इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावा.

प्लगपाना
मान्य ताई. पद्मिनी पॉइंटवाली म्हणून बेफिकीर लिहिलं. तुमचीच पद्धत बरोबर.

म्हापसेकर
आमच्या गोव्यात पावसाळ्यात हा आजार घरोघरी. सगळ्यात स्वस्त तपासणी अशी की रात्री दिवे घालवून बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि नुसतं बघत राहायचं. वायर कुठे फुटली असेल तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. काही दिसलं नाही तर बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारायचा. लगेच मिसिंग वाढलं तर वायर किंवा कॅप खराब. कॅप काढून आतून नीट बघा, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली तर ती कॅप कचऱ्यात. ती रेघ कार्बनची असते, पुसून जात नाही, करंटने तो आपला कायमचा रस्ता करून ठेवलेला असतो.

सातारकर८९
@म्हापसेकर, कॅप नवीन आहे हो.

म्हापसेकर
नवीन म्हणजे चांगली हे कोणी सांगितलं?

विदा_कुठाय
इथे सगळे अंदाज. मल्टिमीटर दोनशे-तीनशे रुपयांना येतो. कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलमध्ये साधारण ३ ओहम यायला हवेत (बॅलास्ट रेझिस्टरवाली कॉइल असेल तर दीडच्या आसपास). बारीक टर्मिनल ते मधला जाड खड्डा, तिथे काही हजार ओहम. वायरी तांब्याच्या असतील तर जवळजवळ शून्य, कार्बनच्या असतील तर लांबीप्रमाणे काही हजार. कार्बनची एखादी वायर बाकीच्यांच्या कितीतरी पट दाखवत असेल किंवा आकडाच येत नसेल, तर आत दोरी तुटली आहे. वर लिहिलेलं आहे म्हणून नको, मोजून मग बोला.

काळीपिवळी
वडिलांची मुंबईत पद्मिनी टॅक्सी होती, त्यामुळे या गाडीचं बॉनेट मी शाळेच्या दप्तरापेक्षा जास्त वेळा उघडलंय. सीएनजी लागल्यावर वायरींचं आयुष्य एकदम कमी झालं होतं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर मुकाट चालणारी जुनी वायर गॅसवर टाकली की लगेच बोंब मारते. वडील म्हणून प्लगचा गॅप थोडा कमी ठेवायचे आणि डिकीत एक जुनी चालू वायर कायम. सगळ्यात लांब सिलिंडरला पुरेल एवढी लांब, म्हणजे कोणत्याही जागी चालते.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वयाची अट २० वर्षं, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी संपली. त्या दिवशी सगळे पेपरवाले हळवे झाले होते. वडील म्हणाले, क्लच दाबून दाबून गुडघा गेला माझा, ते कोणी छापत नाही.

चिंतोपंत
वडिलांना साष्टांग नमस्कार.

जावाप्रेमी
अवांतर: येझदीवाल्यांनो, हात वर करा. आमच्या दोन सिलिंडरच्या ३५० ट्विन बाइकला दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल. म्हणजे बिघाडालाही जोडीदार. पॉइंट सेट करायला सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा वापरायचो. सिगारेट सुटली तेव्हा सगळ्यात मोठी अडचण ती झाली.

विदा_कुठाय
पुठ्ठा, पोस्टकार्ड, हॅक्सॉ ब्लेड हे सगळं ऐकून आहे. घरातलं एक जुनं पोस्टकार्ड मायक्रोमीटरमध्ये धरून पाहिलं, ०.२१ मिमी भरलं. दुमडून ०.४२. पॉइंटचा गॅप साधारण ०.४ च्या आसपास असतो (नेमका किती ते डिस्ट्रिब्युटर कोणाचा आहे त्यावर), म्हणजे जुने लोक अगदीच चूक नव्हते. तरी फिलर गेज (फट मोजायच्या पत्र्या) घ्या. पोस्टकार्डापेक्षा आता तोच सहज मिळतो.

मीनाक्षी_ठाणे
आमच्या घरी चेतक होती. प्लगमध्ये कचरा आला की बाबा स्कूटर आडवी करायचे, मग प्लग काढून काचेच्या कागदाने घासायचे आणि आम्ही तिघे भाऊबहीण रस्त्याच्या कडेला उभे. मला वाटायचं स्कूटर दमते म्हणून तिला निजवतात. धागा चारचाकीचा आहे हे माहीत आहे, पण राहवलं नाही.

गंधाली
मीनाक्षी, सेम! आणि डिकीत मायकोचा एक जादा प्लग, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी आमचे बाबा अजून दुकानात "मायकोचा प्लग द्या" म्हणतात आणि दुकानदार निमूट देतो.

आता मुद्द्यावर. सातारकर, माझ्या ८०० च्या वायरी मी स्वतः बदलते. तीनच सिलिंडर, तीनच वायरी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. पहिल्या वेळी मोठ्या हौसेने तिन्ही एकदम काढल्या, टेबलावर ओळीने मांडल्या आणि चहा प्यायला गेले. परत आले तर सासूबाईंनी टेबल आवरलेलं. दोन वायरींची अदलाबदल झाली आणि गाडीने कार्बोरेटरमधून असा भडका काढला की वॉचमन पळत आला. तेव्हापासून एक काढायची, तिच्याच लांबीची नवी त्याच जागी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. तुमच्या मिस्त्रींनी दोन वायरी उलट्या तर नाही ना लावल्या? पद्मिनीची ऑर्डर १-३-४-२ आहे. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने मोजत जा.

प्लगपाना
उलट्या असत्या तर गाडी घरापर्यंत आली नसती ताई. पण तुमचा "एक एक करून" हा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्यात भर घालतो, कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल.

इंजिन थंड असताना काम करा. वायर धरून ओढू नका, टोकाचं रबर धरून थोडं पिळून सोडवा, नाहीतर आतली कार्बनची दोरी टोकाशी तुटते आणि बाहेरून वायर ठणठणीत दिसते. प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. नवा प्लग आधी बोटांनी फिरवत बसवा, पाना शेवटच्या थोड्याशा फेऱ्यालाच. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटे वाकडे बसले की हेड उतरवायची वेळ येते. वायर प्लगवर आणि कॅपमध्ये शेवटपर्यंत बसली पाहिजे, "टक्" असं हाताला जाणवतं. कॅपमध्ये अर्धवट बसलेली वायर आत ठिणग्या खात बसते, काही आठवड्यांत पितळ हिरवंकाळं होतं.

नंतर प्लगचा रंग बघायला विसरू नका. फिक्कट तपकिरी असेल तर निर्धास्त. कोरडा काळा मखमली म्हणजे पेट्रोल जास्त, ओला काळा तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय किंवा तो सिलिंडर पेटतच नाही.

ओहायोकर
इथे अमेरिकेत माझ्याकडे जुना फोर्डचा पिकअप आहे, व्ही८. आठ वायरी. फायरिंग ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८, तोंडपाठ झाली आहे, लग्नाची तारीख मात्र फोनमध्ये बघतो. त्यात ७ आणि ८ शेजारी शेजारी आहेत आणि एकामागून एक पेटतात. त्यांच्या वायरी लांबवर समांतर चिकटून गेल्या की एकीतला करंट दुसरीत उतरतो, ८ नंबर वेळेआधीच पेटतो. पुस्तकात या दोन वायरी मुद्दाम लांब ठेवा असं लिहिलेलं असतं. तुमच्या चार सिलिंडरला हा त्रास होतो की नाही कल्पना नाही.

बाबांचा_बंटी
मला तर हे पेट्रोलचं वाटतं. हल्ली २० टक्के इथेनॉल आलंय, जुन्या गाड्यांचे पाइप आणि डायफ्राम खातं. आणि पद्मिनीला व्हेपर लॉक (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) नवीन नाही. कसारा घाटात ओलं फडकं घेऊन उभे राहिलेले फियाटवाले ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी उन्हाळा पाहिला नाही.

निवृत्त_वायरमन
व्हेपर लॉक आणि मरायला टेकलेली कॉइल, दोघी एकसारखं सोंग आणतात. दोन्हीत गाडी तापल्यावर बंद पडते, दोन्हीत अर्ध्या तासाने चालू होते, दोन्हीत ओलं फडकं लागू पडतं. फरक कळायला फडकं एकाच जागी ठेवायचं. आमच्या वेळी लोक एक फडकं पेट्रोल पंपावर, एक कॉइलवर ठेवायचे आणि गाडी सुरू झाली की दोघांनाही श्रेय. गाडी बंद पडल्या पडल्या आधी करंट बघावा. मधली वायर कॅपमधून काढून इंजिनपासून पाव इंचावर धरा, दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. कडक निळी ठिणगी आली तर कॉइल निर्दोष, पेट्रोलकडे बघा. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही तर इग्निशन.

पण सातारकरांची गाडी थंड असतानाही मिसिंग करते ना? मग दोन्ही नाही. बाबांना सांगा, कॉइल राहू द्या. फक्त मिस्त्रींनी कॉइलचे दोन बारीक तार उलटे लावले नाहीत एवढं बघा. उलटे लागले तरी गाडी चालते, पण ठिणगीला जास्त जोर लागतो. प्लगचं मधलं टोक ऋण असायला हवं, तापलेल्या टोकातून करंट सहज सुटतो म्हणून.

कंडेन्सरबद्दल एक शब्द. साधारण ०.२ मायक्रोफॅराडचा डबा, पण तो गेला की पॉइंट जळून काळे पडतात आणि एका पॉइंटवर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड. आजकाल बाजारात नवे म्हणून मिळणारे काही कंडेन्सर पेटीतूनच मेलेले निघतात. जुना कंडेन्सर मिस्त्रीकडून मागून घेतला का? नसेल तर उद्याच्या उद्या जाऊन मागा. जुने ओरिजिनल सुटे भाग भंगारात देऊ नयेत, ते चालत होते याचा पुरावा गाडी इतकी वर्षं चालली हाच.

सातारकर८९
सगळ्यांचे आभार, एवढा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. जुने भाग मिस्त्रींनी पिशवीत घालून परत दिले होते, बाबांनी ती पिशवी आधीच कपाटात ठेवली आहे (कुलूप लावून).

काल संध्याकाळी तपासलं. कॉइल ३.१ ओहम. तार उलटे नाहीत. वायरी तांब्याच्या आहेत, सगळ्या सारख्या. रात्री बॉनेट उघडून पाहिलं, ठिणग्या कुठे दिसल्या नाहीत, फक्त वॉचमनने विचारलं काय चोरताय. एकेक वायर काढून पाहिली. गंमत म्हणजे कुठलाच सिलिंडर पूर्ण मेलेला नाही. प्रत्येक काढल्यावर फरक पडतो. पण ३ आणि ४ काढल्यावर पडतो तो कमी. इंजिनाचा फोटो खाली जोडतोय.

अण्णा_उद्यमनगर
फोटो बघितला. दादा, वायरींची वेणी कुणी घातली ओ?

सातारकर८९
मिस्त्रींनीच. म्हणाले नीटनेटकं दिसतं. प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून चारही एकत्र बांधल्यात.

अण्णा_उद्यमनगर
बघा आता. ओहायोवाल्या पावण्यांनी दुखणं आधीच सांगितलंय, तुमच्या ध्यानात आलं नाही. ऑर्डर १-३-४-२. तीन पेटला की लगेच चार. आणि दोघं शेजारी. त्यांच्या वायरी एकीला एक बांधून ठेवल्या की तीनचा करंट चारात घुसतो, त्या वेळी चारचा पिस्टन नुकता वर यायला निघालेला असतो. तसंच दोन आणि एकाचं. व्ही८ ला होतं ते चारालाही होतं, कमी प्रमाणात. आधीच्या वायरी कंपनीच्या क्लिपमध्ये एकेक सुट्या बसलेल्या असणार. ती क्लिप मिस्त्रींनी फेकली असणार. म्हणून काम केल्यावर मिसिंग वाढलं.

त्या पट्ट्या कापा. तीन आणि चारच्या मध्ये निदान बोटभर अंतर. गाठ पडायचीच असेल तर एकमेकींना फुलीसारख्या ओलांडू द्या, समांतर झोपवू नका.

पण एवढ्यानं सगळं जाईल असं मी म्हणणार नाही. आधीचं मिसिंग वेणीच्या आधीचं आहे. पट्ट्या कापून झालं की सांगा, मग पुढचं बोलू.

ओहायोकर
हा धागा प्रिंट करून बायकोला दाखवणार. आमचा पिकअप उद्यमनगरला, म्हणजे कोल्हापूरला, कामाला आला.

चिंतोपंत
वेणीफणी बंद, गाडी सरळ! मी पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

सातारकर८९
अण्णा, पट्ट्या कापल्या. कापडी टेपचे तुकडे घालून तीन-चार वेगळ्या केल्या. चढावरचं फट् फट् जवळजवळ गेलं! पीयूसीवाल्याकडे नुसतंच मोजून घेतलं, एचसी १७००. म्हणजे अजून नापासच. आयडलिंगची थरथर तशीच आहे. पॉइंटचा गॅप मी स्वतः ०.४ ला लावला, दुसऱ्या दिवशी परत मोजला तर ०.३ च भरला. स्क्रू घट्ट होता. माझं चुकलं का?

गंधाली
नवा पॉइंट असेल तर त्याची टाच थोडी झिजून बसते, सुरुवातीला गॅप कमी होतोच. कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टच्या टेकाडांवर, ग्रीसचं बोट लावलं होतंत का?

विदा_कुठाय
एका दिवसात ०.१ मिमी टाच झिजत नाही. मापनातली चूक किंवा शाफ्टच हलतोय.

अण्णा_उद्यमनगर
विदा साहेब, आज तुम्ही बरोबर. सातारकर, कॅप काढा, रोटर दोन बोटांत धरा आणि आडवा हलवून बघा. गोल फिरवायचा नाही, आडवा. पॉइंटकडे आणि पॉइंटपासून लांब. खटखट हाताला लागली तर डिस्ट्रिब्युटरचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, गेलाय. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत हमखास.

त्याचं असं हाय, शाफ्ट बुशात सैल झाला की कॅम फिरताना भोवऱ्यासारखा डोलतो. तुम्ही एका टेकाडावर गॅप लावला ०.४, पुढच्या टेकाडावर तो ०.३, त्याच्या पुढच्यावर ०.५. गॅप मोठा म्हणजे पॉइंट लवकर उघडला, ठिणगी आधी. गॅप लहान म्हणजे ठिणगी उशिरा. चार सिलिंडर, चार वेगवेगळी टायमिंगं. मग कुठलाच सिलिंडर मरत नाही आणि कुठलाच धड चालत नाही. तुमच्या तपासणीत तेच आलं. वर पॉइंट नवा लावा, कॅप नवी लावा, सोन्याची वायर लावा, खाली पाया डोलतोय.

सातारकर८९
अण्णा, हलतोय. चांगला हलतोय. बाबांनीही हलवून पाहिला, म्हणाले "हे मला आधीच वाटत होतं."

चिंतोपंत
बाबा कॉइल म्हणाले होते.

सातारकर८९
ते आठवण करून द्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

प्लगपाना
मग बुशच्या भानगडीत न पडता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट का बसवत नाही? कॅपच्या खाली मावतं, घासणारं काही नसतं, दर काही हजार किलोमीटरला गॅप बघायची कटकट संपली.

निवृत्त_वायरमन
आणि ते किट कसाऱ्याच्या घाटात रात्री अकराला गेलं की? पॉइंट बिघडला तर नखं घासायच्या कानशीने घासून घरी येता येतं. किट गेलं की ट्रक बोलवा.

प्लगपाना
काका, पॉइंट घाटात जातात म्हणून तर कानस बरोबर ठेवावी लागते.

काळीपिवळी
दोघंही बरोबर. आमच्या स्टँडवर एकाने किट लावलं होतं, पाच वर्षं हात लावला नाही. जुना पॉइंटवाला सेट मात्र डिकीत तयार ठेवलेला असायचा. तसं करा.

अण्णा_उद्यमनगर
किट लावायचं तर लावा. पण शाफ्ट डोलत असेल तर किटलाही थोडीफार टायमिंगची चूक दिसणारच. आधी बुश. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी बॉडीवर आणि इंजिनावर खूण करा, रोटर कुठे बघतोय त्याचा फोटो काढा, आणि बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवू नका. गाडी गिअरमध्ये ढकलू नका. शाफ्ट आणि बॉडी दोन्ही जुन्या लेथवाल्याकडे न्या. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा बुश टर्न करून, दाबून बसवून, रीमर मारून देईल. शाफ्ट झिजला असेल तर आधी तो साफ करून मग त्या मापाचा बुश. घाईने "आहे तसा घालतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. आमच्या उद्यमनगरात अर्ध्या दिवसाचं काम. पुण्यात नाना पेठेत चौकशी करा, जुने लेथवाले ओळखीने मिळतात.

मीनाक्षी_ठाणे
मला गाडीतलं काही कळत नाही पण हा धागा मी रोज उघडून बघते. बुश झाला का?

सातारकर८९
झाला! उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये आठवडा लेथवाल्याचा मुलाच्या लग्नात गेला. त्यांनी शाफ्ट बघून पहिलं वाक्य म्हटलं, "याला ऑइल कोण देत नव्हतं?" आम्ही दोघंही गप्प. नंतर कळलं की रोटरच्या खाली दोन थेंब ऑइल सोडायचे असतात. बिल ६०० रुपये, चहा त्यांच्याकडून.

परत बसवला, खुणा जुळवल्या, गॅप लावला, चारही टेकाडांवर मोजला, चारही ठिकाणी ०.४. जुन्या कपाटातून बाबांनी मूळ कंडेन्सर काढून दिला, तोच लावला (नव्याने एकदा दगा दिल्यासारखं वाटलं, खात्री नाही). टायमिंग लाइट शेजारच्या काकांच्या भाच्याकडून आणला. आयडलला आता बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप हलत नाही. पीयूसी पास, एचसी ७४०.

चिंतोपंत
भाचा पार्किंगसाठी फितूर झाला.

विदा_कुठाय
अभिनंदन. म्हणजे हिशेब असा: ४२०० च्या मालात गरज होती की नव्हती ते अजूनही माहीत नाही, वेणीचे पैसे शून्य, आणि मूळ दोष ६०० चा.

अण्णा_उद्यमनगर
प्लग-वायरी बदलायला झाल्या होत्या म्हणा, वाया गेल्या नाहीत. मिस्त्रींवर राग धरू नका दादा. रोटर हलवून बघायला शिकवलं नसेल कुणी. जाऊन सांगा त्यांना, पट्ट्यांचंही सांगा.

सातारकर८९
सांगितलं अण्णा. ते म्हणाले, "मग कार्बोरेटरचं नंतर बघू."

जावाप्रेमी
धागा संपायच्या आत माझंही विचारतो. येझदीच्या उजव्या बाजूचा प्लग ओला काळा आणि डाव्या बाजूचा छान तपकिरी. दोन्ही पॉइंट सारखे लावलेत. प्लग अदलाबदल केले तरी उजवाच ओला होतो. अण्णा आहेत का जागे?

अण्णा_उद्यमनगर
आहे. उजवीकडची कॉइल आणि डावीकडची कॉइल अदलाबदल करा. काय होतंय ते बघून सांगा, एका वेळी एकच.